सल्ला द्यायला बोलावलंय की काम करायला? आधी हे विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जन्मापासून कर्णबधिर आहात, खुणांची भाषा ही तुमची पहिली भाषा आणि अभिनयाचं रीतसर शिक्षण झालेलं आहे. मैत्रीण व्हीलचेअर वापरते आणि समकालीन नृत्य करते. तीन वर्षांत दोघींची नावं लोकांना कळली, पण पैसे देणारी कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. उलट ‘आमचा प्रयोग सगळ्यांना बघता येईल असा करायचाय, जरा येऊन सांगता का?’ अशी बोलावणी मात्र सतत येतात, आणि त्यातून आभारापलीकडे हाती काही लागत नाही. तर यावर पोट भरतं का? आणि स्वतःची संस्था काढावी, की मोठ्या नाट्यसंस्थांची दारं वाजवत राहावं?

पोट भरतं. नुसत्या अभिनयावर किंवा नुसत्या नाचावर सहसा भरत नाही, पण ते ऐकणाऱ्या-चालणाऱ्या कलाकारांचंही भरत नाही, तेव्हा त्याचं वेगळं वाईट वाटून घेऊ नका. तुमचं खरं दुखणं दुसरं आहे. तुमच्याकडून दोन कामं करून घेतली जातात आणि पैसे एकाचेच मिळतात. कधीकधी एकाचेही नाही. सगळा पेच मला इथेच दिसतो, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

मी नवव्या वर्षी ऐकणं गमावलं. बोलणं राहिलं. खुणांची भाषा शिकले ती एकविसाव्या वर्षी, त्यामुळे दोन्ही घरची पाहुणी. रंगभूमीवर आता बावीस वर्षं झाली: आधी नटी, मग दिग्दर्शिका, आणि गेली काही वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांची सुगम्यता, म्हणजे अपंग प्रेक्षकांनाही प्रयोग घेता येईल अशी सोय, बांधून देणं हेही पोटापाण्याचं काम. सुरुवातीच्या काळात एका नाटकात मला छोटी पण चांगली भूमिका मिळाली होती. तीन प्रवेश, त्यातला एक पूर्ण माझा. तालमीच्या दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाले, नाटकात सगळ्यांनीच थोड्या खुणा वापरल्या तर छान दिसेल, मधल्या सुट्टीत जरा शिकवाल का? शिकवलं. मग दुभाषी कुठे उभी राहील ते ठरवायला बसले. मग कॅप्शनचा, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या लिखित संवादांचा, मसुदा ‘एकदा डोळ्यांखालून घाला’ म्हणून आला, तो रात्री दोनपर्यंत घातला. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या प्रवेशाची तालीम आतापर्यंत दोनदाच झाली आहे. प्रयोग झाला. सगळ्यांच्या खुणा नीट होत्या, माझं काम मात्र कच्चं. परीक्षणात एका ओळीत तसं आलंही, आणि ते बरोबरच होतं. माहितीपत्रकात मी शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘विशेष आभार’मध्ये.

यात वाईट कोणीच नव्हतं, हे मुद्दाम सांगते. मीच कधी म्हटलं नव्हतं की हे दुसरं काम आहे. ते काम असतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

अमेरिकेतल्या खुणांच्या भाषेतल्या व्यावसायिक नाटकांत त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमतात. खुणांच्या भाषेचा कलादिग्दर्शक, बहुधा स्वतः बहिरा. त्याचं नाव श्रेयनामावलीत येतं आणि मानधन वेगळं ठरतं. तो नेमकं काय करतो, हे एका वाक्यावरून दाखवते. समजा संहितेत आहे: ‘ती गेली तेव्हा बाहेर पाऊस पडत होता.’ बोलताना पाऊस शेवटी येतो. खुणांत तो आधी आणावा लागतो. आधी पाऊस हवेत उभा करायचा, मग त्या पावसातून तिला जायला लावायचं, नाहीतर ती कोरडी जाते आणि मागून पाऊस पडतो. ती कुठल्या दिशेला गेली? नेपथ्यात दार डावीकडे असेल आणि नटीने हाताने तिला उजवीकडे पाठवलं, तर बहिरा प्रेक्षक पुढची दहा मिनिटं दोन दारं शोधत बसतो. नटीच्या एका हातात पेला आहे. मग हे सगळं एका हाताने म्हणायचं, की दिग्दर्शकाला सांगायचं, पेला आधी खाली ठेवू द्या? पाठमोरं उभं राहून संवाद म्हणणं हा बोलणाऱ्या नटांचा लाडका प्रकार, पण खुणांच्या भाषेत पाठमोरी नटी म्हणजे मुकी नटी. दोन पात्रं एकदम बोलली तर कान दोन्हीकडे असू शकतो, डोळा असू शकत नाही, म्हणून भांडणाच्या प्रवेशातही एकेकाला जागा द्यावी लागते. एका वाक्यापायी नेपथ्य, हालचाली आणि लय तिन्ही हललं. याला ‘जरा येऊन सांगता का’ म्हणत नाहीत. याला अनुवाद आणि दिग्दर्शन म्हणतात.

म्हणून यापुढे कुठलंही बोलावणं आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: मला कलाकार म्हणून बोलावताय की सुगम्यतेच्या कामासाठी? दोन्हीसाठी असेल तर दोन करार, दोन मानधनं, माहितीपत्रकात दोन ठिकाणी नाव. आणि तालमीच्या वेळापत्रकात दोन्हींना वेगवेगळे तास. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि मग माझ्यासारखी गत होते. पहिल्या ओळखीची भेट मी आजही फुकट देते, अर्धा तास. त्यानंतर संहिता उघडली की मीटर सुरू.

आता तुमच्या स्वतःच्या गरजांचं. परदेशी रंगभूमीवर ‘ॲक्सेस रायडर’ नावाचा कागद रूढ झाला आहे. गायक-वादक आपल्या ध्वनियंत्रणेच्या मागण्या आयोजकांना आधी कळवतात, तसाच हा. माझा एक पानी आहे, त्याहून मोठा कोणी वाचत नाही. त्यात साधारण असं आहे. तालीम दोन तासांच्या वर असेल तर दुभाषी दोन, कारण वीस-तीस मिनिटांनी त्यांना आलटून पालटून काम करावं लागतं. थकलेला दुभाषी वाक्यं गाळायला लागतो आणि काय गाळलं ते तुम्हाला कळतही नाही. संहिता मला आणि दुभाष्यांना दोघांनाही दोन आठवडे आधी. तालमीनंतरच्या सूचना अंधारात नाहीत, कामाचे दिवे पूर्ण लावूनच. प्रेक्षागृहातून ओरडून काही सांगायचं नाही. प्रवेशाचा इशारा आवाजाने नाही, विंगेतल्या छोट्या दिव्याने. आगीची घंटा वाजली तर मला येऊन सांगणारा माणूस नाव घालून ठरलेला. आणि दर तासाला पाच मिनिटं डोळ्यांना सुट्टी. ऐकणारा माणूस खिडकीबाहेर बघत बैठक ऐकू शकतो, आपल्याला नजर हलवली की विषय सुटतो, आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यांची जी अवस्था होते ती त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

रायडरमध्ये आजाराचा इतिहास लिहू नका. किती डेसिबलचं नुकसान, कुठल्या वर्षी काय झालं, हे काही नको. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, हा डॉक्टरांचा कागद, निर्मात्याचा नव्हे. स्वतःला बहिरी, कर्णबधिर की दिव्यांग म्हणायचं, ते तुम्ही ठरवा आणि तोच शब्द छापा असं लिहून द्या. ‘मूकबधिर’ मात्र मी आलेल्या प्रत्येक जाहिरातीत खोडते. बाई दोन तास अखंड बोलते आहे, तुम्हाला कळत नाही इतकंच.

मैत्रिणीचा रायडर वेगळा असेल, आणि तिथे खरा शत्रू म्हणजे ‘आमचं नाट्यगृह व्हीलचेअरसाठी सोयीचं आहे’ हे वाक्य. ते प्रेक्षकांपुरतं खरं असतं. पुढच्या दाराला रॅम्प, आणि रंगमंचामागे पाच पायऱ्या, कपडेपट वरच्या मजल्यावर, मागचं स्वच्छतागृह इतकं अरुंद की खुर्ची दारातच अडते. बांधणाऱ्याच्या कल्पनेत व्हीलचेअरवरचा माणूस फक्त तिकीट काढून येतो. २०१९ साली ॲली स्ट्रोकर टोनी, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांचा मानाचा पुरस्कार, मिळवणारी पहिली व्हीलचेअर वापरणारी अभिनेत्री ठरली, तेव्हासुद्धा प्रेक्षकांतून रंगमंचावर जायला रॅम्प नव्हता आणि आपलं नाव जाहीर होण्याची वाट तिला रंगमंचामागे पाहावी लागली. टोनीच्या रात्री ही तऱ्हा, तर दौऱ्यावर काय असेल! तेव्हा ‘सोयीचं आहे का’ असं विचारू नका. गाडीतून उतरण्याच्या जागेपासून विंगेपर्यंतच्या वाटेचा सलग व्हिडिओ मागवा, न थांबवता घेतलेला. मी स्वतःचे सोडून इतर कलाकारांचे दौरे ठरवते तेव्हा हेच करते. व्हिडिओ जिथे अचानक तुटतो, तिथे पायरी असते.

नर्तिकेसाठी आणखी बारकावे आहेत. रॅम्पचा उतार साधारण बाराला एक, म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट चढ, याहून तीव्र नसावा. पण रंगमंचाच्या उताराचं काय? पुढे झुकलेल्या मंचावर खुर्ची आपोआप घरंगळते. ती थोपवण्यात हात अडकले की नाचायचं कशाने? जमिनीवरच्या विनाइलचे सांधे, केबलवरची पट्टी, चिकटपट्टीचा सुटलेला कोपरा, यात पुढची लहान चाकं अडकतात. तालमीच्या आधी कोणीतरी सगळ्या मंचावरून खुर्ची फिरवून बघायलाच हवी. विमानप्रवासात खुर्ची मोडण्याचे प्रकार इतके सर्रास घडतात की प्रयोगाच्या आदल्या दिवशी पोचणं ही चैन समजू नका, त्या दिवसाचा खर्च अंदाजपत्रकात धरा. आणि खांदे जपा! पायांचंही काम खांदेच करतात, दिवसभर, नाचापूर्वी आणि नाचानंतरही. सहा तासांची तालीम इतरांना सहा तासांची असते, तिच्या खांद्यांना तेवढीच नसते.

‘सवलत मागते असं वाटेल’ ही भीती तुमच्या प्रश्नात दोनदा आली आहे. सवलत नाही ती. गायिकेला मॉनिटर स्पीकर लागतो, नर्तकाला लाकडी तक्तपोशी लागते, त्यांना कोणी ‘विशेष गरजा’ म्हणत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रसंघाचा करार २००६ सालचा आहे. त्याचं तिसावं कलम सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे, आणि त्यात नुसतं प्रेक्षक होण्याचा हक्क नाही, आपली कलाशक्ती वापरण्याची संधी द्या असंही सरकारांना सांगितलं आहे, तेही फक्त त्या व्यक्तीच्या भल्यासाठी नव्हे तर समाजाच्या समृद्धीसाठी. बहिऱ्यांच्या संस्कृतीचा आणि खुणांच्या भाषांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. अनुदानाचा अर्ज लिहाल तेव्हा या कलमाचा आधार घ्या, नेमकं वाक्य हाताशी असलं की अर्ज तपासणाऱ्यालाही सोपं जातं.

पैशांबाबत माझा एकच नियम आहे आणि त्यात मी वाकत नाही: दुभाष्याचा, सोबत्याचा, कॅप्शनचा खर्च कलाकाराच्या मानधनातून कापायचा नाही. तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून स्वतंत्र ओळीत असला पाहिजे. शेवटी घातला तर ‘आता पैसे उरले नाहीत’ हे ठरलेलं उत्तर. ब्रिटनमध्ये १९९४ पासून ‘ॲक्सेस टू वर्क’ नावाची सरकारी योजना आहे, तिच्यातून दुभाषी, मदतनीस, प्रवास यांचा खर्च निघतो आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कलाकारांनाही ती लागू आहे. अर्जांची रांग लांब असते, तक्रारी पुष्कळ असतात, पण तिथल्या बहिऱ्या कलाकारांची एक अख्खी पिढी उभी राहण्यात तिचा हात आहे. कारण साधं: निर्मात्याच्या डोक्यात ‘ही नटी महाग पडते’ हा हिशेबच शिरत नाही. जिथे अशी योजना नाही तिथे काही अनुदान देणाऱ्या संस्था सुगम्यतेचा खर्च मूळ मर्यादेच्या वर वेगळा मागू देतात. नियमावलीत ते मागच्या पानावर असतं, वाचा. आणि अपंगत्वाचा भत्ता घेत असाल तर एखाद्या महिन्यात जास्त मानधन आलं म्हणून तो बंद होतो का, हे करारावर सही करण्याआधी विचारून घ्या. एका मोठ्या कामापायी वर्षभराचा आधार गेलेले कलाकार मी पाहिले आहेत. मानधन हप्त्यांत घेऊन काहींचं निभावलं.

संस्था की मुख्य प्रवाह? दोन्हीकडचा इतिहास बघा. अमेरिकेत नॅशनल थिएटर ऑफ द डेफ १९६७ साली सुरू झालं. लंडनमध्ये ग्रेआय ही अपंग कलाकारांची नाट्यसंस्था १९८० साली. ग्रीक पुराणातल्या एकच डोळा आणि एकच दात वाटून घेणाऱ्या तीन बहिणींवरून हे नाव घेतलं, विनोदबुद्धी बघा! लॉस एंजेलिसचं डेफ वेस्ट हे बहिऱ्यांचं थिएटर १९९१ सालचं. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगमध्ये १९८७ पासून बॅक टू बॅक थिएटर आहे. बौद्धिक अपंगत्व असलेले किंवा न्यूरोडायव्हर्जंट (ज्यांचा मेंदू वेगळ्या पद्धतीने काम करतो असे) कलाकार तिथे नुसते नट नाहीत, नाटक तेच रचतात. त्यांना २०२२ साली आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार आणि २०२४ साली व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. पस्तीस-सदतीस वर्षं एकाच चिवट पद्धतीने काम केल्यावर.

मुख्य प्रवाहाकडे बघा. बहिऱ्या फिलिस फ्रेलिकला १९८० साली टोनी. बहिऱ्याच मार्ली मॅटलिनला १९८७ साली ऑस्कर. त्यानंतरचा बहिऱ्या नटाचा ऑस्कर थेट २०२२ साली, ट्रॉय कोत्सुरला. मध्ये पस्तीस वर्षं! त्या काळात हुशार बहिरे नट जन्मलेच नाहीत असं नाही. कोत्सुर त्यातली बरीच वर्षं डेफ वेस्टच्या रंगमंचावर काम करत होता. त्याच संस्थेने एका छोट्या जागेत उभं केलेलं एक संगीत नाटक २०१५ साली ब्रॉडवेला गेलं, आणि वर जिचं नाव आलं ती ॲली स्ट्रोकर त्याच नाटकातून ब्रॉडवेवर आली. मुख्य प्रवाह आपल्या माणसांना पुरस्कार देतो, पण त्यांना घडवण्याचं, आणि मधल्या ओसाड वर्षांत जगवण्याचं काम आपल्या संस्थांनीच केलं आहे.

तरीही तुम्हाला आत्ता संस्था काढू नका असंच सांगेन. संस्था म्हणजे नोंदणी, हिशेब, अहवाल आणि दर वर्षीचे अर्ज. अर्ज बहुतेक वेळा लिखित भाषेत, जी तुमची दुसरी भाषा. दोन वर्षांत तुम्ही नटी राहणार नाही, कारकून व्हाल. आधी एक एकपात्री प्रयोग करा. वीस ते चाळीस मिनिटांचा, दोन बॅगांत मावणारा, कुठल्याही खोलीत होणारा. बहिऱ्या कलाकारांकडे यासाठी व्हिज्युअल व्हर्नाक्युलर हा खास आपला प्रकार आहे. खुणांची भाषा, मूकाभिनय आणि सिनेमाची नजर यांचं मिश्रण: तोच हात घोडा होतो, तोच घोडेस्वाराचा चेहरा जवळून दाखवतो, तोच लांबून धूळ. नॅशनल थिएटर ऑफ द डेफच्या संस्थापकांतला बर्नार्ड ब्रॅग याच्याशी या प्रकाराचं नाव जोडलेलं आहे, आणि तो त्याआधी पॅरिसला प्रसिद्ध मूकाभिनेता मार्सेल मार्सोकडे शिकून आला होता. याचा व्यावहारिक फायदा मोठा. खुणांच्या भाषा देशोदेशी वेगळ्या आहेत, ब्रिटन आणि अमेरिकेत इंग्रजी एक असली तरी खुणा एकमेकांना कळत नाहीत, पण हा प्रकार सीमा ओलांडतो. फ्रान्समधल्या रीम्स इथे २००३ पासून क्लँ दय नावाचा बहिऱ्या कलांचा महोत्सव दर दोन वर्षांनी होतो, तिथे हे धडधडीत दिसतं.

मैत्रिणीनेही स्वतःचं व्याकरण शोधावं. सेलेस्ट डँडेकर ही लंडनची नर्तिका. १९७३ साली रंगमंचावरच पडून तिच्या मणक्याला दुखापत झाली, आणि १९९१ साली तिने ॲडम बेंजामिनबरोबर कँडोको ही अपंग आणि अपंग नसलेल्या नर्तकांची कंपनी उभी केली. स्कॉटलंडच्या क्लेअर कनिंगहॅमने कुबड्यांनाच नृत्याची भाषा केलं. कुबडीवर भार टाकला की शरीर जिथे जाऊ शकतं तिथे दोन पायांवरचा नर्तक जाऊच शकत नाही. तालवाद्यवादक एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकने आधी तिला नाकारलं होतं. कंपनं जाणवावीत म्हणून ती अनवाणी वाजवते. तिघींपैकी कोणीही ‘त्यांच्यासारखं’ करून दाखवायच्या फंदात पडली नाही.

आता प्रयोगाच्या बाजूचं थोडं, कारण तुमची दुसरी कमाई तिथूनच येणार आहे. दुभाषी कोपऱ्यात, वेगळ्या प्रकाशात, काळ्या कपड्यांत उभी करायची, हे आयोजकांच्या अंगवळणी पडलं आहे. बहिरा प्रेक्षक मग टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान हलवत बसतो. एका हंगामात असा एकच प्रयोग ठेवतात, तोही आठवड्याच्या मधल्या दुपारी, जाहिरात फक्त लेखी, आणि मग म्हणतात बहिरे येतच नाहीत. खुणांच्या भाषेत दीड मिनिटाचं आमंत्रण चित्रित करून महिनाभर आधी पाठवा म्हणावं, मग बघा. जेनी सीली स्वतः बहिरी आहे, १९९७ साली ती ग्रेआयची कलादिग्दर्शिका झाली, आणि २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याचं दिग्दर्शन तिने ब्रॅडली हेमिंग्जबरोबर केलं. ग्रेआयमध्ये ‘सुगम्यतेचं सौंदर्यशास्त्र’ असा शब्दप्रयोग आहे: खुणा, कॅप्शन, श्राव्य वर्णन (मंचावर काय दिसतं ते अंध प्रेक्षकांना बोलून सांगणं) हे सगळं तालमीच्या पहिल्या दिवसापासून नाटकाच्या पोटात. सिद्धान्त म्हणून तो आता सगळे म्हणतात. करताना घोटाळे बारीक ठिकाणी होतात. विनोदी ओळीचं कॅप्शन नटाच्या तोंडून ओळ निघण्याआधी पडद्यावर आलं की अर्धं प्रेक्षागृह आधीच हसतं आणि नट तोंडघशी पडतो. म्हणून कॅप्शन चालवणारा माणूस तालमीला बसलेला हवा, त्याला त्या नटाचा श्वास माहीत हवा.

आणि तुमचा आवाज! तुम्ही खुणांत संवाद म्हणाल तेव्हा अंध आणि खुणा न कळणाऱ्या प्रेक्षकांसाठी कोणीतरी तो बोलणार. तो कोण, हे तुम्ही ठरवा, दिग्दर्शकावर सोडू नका. मी दिग्दर्शित न केलेल्या एका नाटकात एका प्रौढ, कडवट विधवेच्या भूमिकेतल्या बहिऱ्या नटीला गोड, बारीक आवाजाची मुलगी दिली होती. नटीला ऐकू येत नव्हतं, तिने विश्वास ठेवला. मध्यंतरात एका अंध प्रेक्षकाने मला विचारलं, ‘ती लहान मुलगी पुढे कोण निघते?’ सहा महिन्यांची मेहनत एका आवाजाने खाल्ली. तेव्हापासून आवाजाच्या निवडीला मी नटीसोबत तिच्या विश्वासातली एक ऐकणारी व्यक्ती बसवते आणि तिला फक्त तीन गोष्टी लिहायला सांगते: वय किती वाटतं, राग किती आहे, ही बाई खोटं बोलेल का. नटीच्या मनातल्या उत्तरांशी ती जुळली की आवाज पक्का.

भूमिकांबद्दल विचारलंय की ‘बिचारी बहिरी मुलगी’ नाकारायची का. पहिली काही वर्षं सगळंच नाकारणं परवडत नाही, खोटं कशाला बोलू. मी संहितेत एवढंच बघते: या पात्राला ऐकू येण्याखेरीज दुसरं काही हवं आहे का? प्रेम, जमीन, सूड, बढती, काहीही. हवं असेल तर घ्या, उरलेलं तालमीत सुधारता येतं. नसेल तर त्या भूमिकेत करण्यासारखं काही नसतं, नुसतं बघवून घ्यायचं असतं. आणि बहिऱ्या पात्रासाठी ऐकणारी नटी घेऊन तुम्हाला तिला शिकवायला बोलावलं, तर माझं उत्तर नाही असतं. पैसे चांगले असतात हे मान्य, तरी नाही.

शिक्षणाबद्दल एवढंच: ग्लासगोच्या रॉयल कॉन्झर्वेटॉयर ऑफ स्कॉटलंडमध्ये २०१५ साली बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठी ब्रिटिश खुणांची भाषा आणि इंग्रजीतून नाट्यपदवी सुरू झाली. तिकडे जाणं जमो न जमो, अभ्यासक्रमाची मांडणी वाचून काढा, स्वतःच्या कार्यशाळा आखताना कामी येईल. कार्यशाळा घ्याच. दुभाष्यांना रंगभूमीसाठी तयार करणं हे आज सर्वांत मागणी असलेलं आणि सर्वांत कमी लोकांना येणारं काम आहे, आणि ते तुमच्यासारखी नटीच शिकवू शकते.

तेव्हा येत्या महिन्यात तीनच गोष्टी करा. एकपात्रीच्या पहिल्या पाच मिनिटांचा व्हिडिओ, एकाच शॉटमध्ये, हात चौकटीबाहेर जाऊ न देता, कॅप्शनसकट. सुगम्यतेच्या कामांचा दरतक्ता, तासाचा वेगळा आणि पूर्ण नाटकाचा वेगळा. आणि दोघींचे रायडर, एकेक पान. रायडर लिहून झाला की त्यात ‘शक्य असल्यास’ हे शब्द कुठे कुठे आहेत ते शोधा आणि खोडा. माझ्या पहिल्या रायडरमध्ये ते नऊ वेळा होते.